रामाकडं, मारुतीकडं

आमच्या जांब समर्थला समुद्र नाही. जालना जिल्ह्यातल्या गावाबद्दल हे वेगळं सांगायला नको, पण पारावर टेकलेल्या पाव्हण्याच्या कानावर ‘कप्तान दिसले का?’, ‘कप्तानानं खेप टाकली का?’ असलं काहीबाही पडतं आणि तो आमच्याकडे संशयानं बघायला लागतो. म्हणून आधीच सांगून टाकलं.

कप्तान आहे तो पाच हजार लिटरच्या टँकरचा. टँकर ट्रॅक्टरच्या मागे जोडलेला. ट्रॅक्टरचा मूळ रंग लाल असावा असा जाणकारांचा अंदाज आहे. बोट पाण्यावर चालते, यांचा टँकर पाणी पोटात घेऊन चालतो, एवढाच काय तो फरक असं कप्तानाचं म्हणणं. विहिरीत सोडलेल्या मोटारीला आम्ही पाणबुडी म्हणतोच. म्हणजे मोटार झाली, पाणबुडी झाली, उरली फक्त बोट. ती उणीव कप्तानानं बोलून भरून काढली.

खलाशी एकच, त्याची बायको. अंगावर सुती साडी, वर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्याला रुमाल, पदर घट्ट खोचलेला. पाइप ओढणं, व्हॉल्व्ह उघडणं, टाकीचं झाकण बसवणं, कुणाकडे किती खेपा झाल्या आणि कुणाचे किती थकले हे ध्यानात ठेवणं, आणि टँकर मागे घेताना मागे उभं राहून ‘येऊ द्या’ म्हणणं ही तिची कामं. स्टिअरिंग धरणं आणि गॉगल लावणं ही त्याची. ट्रकवाल्यांकडे अशा माणसाला क्लिनर म्हणतात. तिला तसं म्हणायची गावात कुणाची छाती नाही.

त्याला कप्तान हे नाव मोबाइलमुळे पडलं. एका रात्री त्याला कुठलासा व्हिडिओ दिसला. परदेशात श्रीमंतांच्या खासगी मोटारबोटी असतात. बोट अवाढव्य असेल तर पलटणभर नोकर लागतात, पण वीस-बावीस मीटरची बेताची बोट असली की मालक पुष्कळदा नवरा-बायकोची जोडीच कामावर ठेवतात. तो सुकाणू आणि इंजिन बघतो. ती स्वयंपाक, अंथरुणं-पांघरुणं, पाहुण्यांची सरबराई बघते आणि बोट धक्क्याला लागायची वेळ झाली की हातात दोर घेऊन बाहेर येऊन उभी राहते. मालकाला जोडी परवडते, कारण दोघांना मिळून झोपायला एकच खोली लागते. कप्तान दुसऱ्या दिवशी हे सगळ्या गावाला सांगत फिरला. ‘गुरुजी, नवरा-बायको दोघं एका बोटीवर नोकरीला! काय डोकं लावलंय बघा त्या लोकांनी!’

बायको पाइप गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, ‘त्यात काय नवं हाय? आपण कोयताच व्हतो की.’

ज्यांना कोयता हा शब्द हत्यारापलीकडे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी माणसं मुकादमाच्या वहीत माणूस म्हणून लिहिली जात नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता. दोघांची उचल एक, राहायला उसाच्या पाचटाची कोपी एक. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, आणि मग त्या मोळ्या डोक्यावरून गाडीत भरताना दोघंही सारखेच वाकतात. दिवाळीच्या सुमारास निघायचं, उन्हाळा तापायला लागला की परतायचं. ही दोघं लग्नानंतर सहा हंगाम कोयता होती. परदेशी मालकाला जे जोडीचं गणित सुचलं ते आमच्या मुकादमाला कधीच सुचलं होतं, आणि त्यात अंथरुणं-पांघरुणंही येत नव्हती. तिथंच बाई शिकली की दोघांनी मिळून केलेलं काम कागदावर एकाचंच धरलं जातं. म्हणूनच की काय, टँकर घेतल्यापासून हिशोबाची वही तिनं त्याच्या हाती दिलेली नाही.

कप्तानाला मी एकदा ज्ञान द्यायला गेलो. मास्तरकीची खोड जात नाही. म्हटलं, अरे, आपल्या दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली ‘म्हादेई’ नावाच्या शिडाच्या नौकेतून पृथ्वीला प्रदक्षिणा घातली. मुंबईहून निघाले आणि मुंबईला परत आले, एकटे. असं करणारे पहिले भारतीय.

कप्तानाचे डोळे विस्फारले. बाईनं विचारलं, ‘एकटेच व्हते?’

‘एकटेच.’

‘मंग झालीच असंल पुरी.’

आता मुख्य गोष्टीकडे येतो. टँकर पुढे कुणीही चालवील. खरी परीक्षा तो मागे घेण्यात आहे. आमच्या गल्ल्या बैलगाडीच्या मापाच्या. टाकी घराच्या मागच्या अंगाला. म्हणजे दर खेपेला टँकर उलटा घालायचा. ट्रॅक्टरला जोडलेलं धूड मागे घेताना उलटं वागतं, स्टिअरिंग डावीकडे फिरवलं तर त्याची शेपूट उजवीकडे जाते. त्यात कप्तान बसलेला पुढे तोंड करून, मान मागे वळवून. ती उभी मागे, तोंड त्याच्याकडे. तिचा उजवा हात तो त्याचा डावा. तिनं ‘उजवीकडं’ म्हटलं की त्यात चार अर्थ निघायचे: तिचं उजवं, त्याचं उजवं, चाकाचं उजवं आणि शेपटीचं उजवं. चारातला नेमका चुकीचा निवडायची कप्तानाला दैवी देणगी होती.

‘अवं उजवीकडं म्हनलं ना!’

‘उजवीकडंच घेतलं!’

‘माझ्या उजवीकडं!’

‘मंग तसं म्हन ना! तुझं उजवं मला काय दिसतंय?’

‘वीस वर्सं झाली लग्नाला, कधी दिसनार?’

या वेळी पारावर जागा मिळत नाही. म्हातारे सकाळीच येऊन धरून ठेवतात. बोटींच्या जगातही हेच चालतं म्हणे. संध्याकाळी बोटी धक्क्याला लागायच्या वेळी आधी पोहोचलेली मंडळी आपापल्या बोटीवर खुर्च्या टाकून, हातात पेला घेऊन, येणाऱ्या नवरा-बायकोंचं भांडण ऐकत बसतात. तो सुकाणूवरून ओरडतो, ती दोर घेऊन टोकावरून ओरडते, मध्ये इंजिनाची घरघर. आमच्याकडे पेल्याऐवजी तंबाखू, बाकी तेच.

मी इथे हसतो आहे खरा, पण आमच्या घरी मच्छरदाणी बांधायला आम्हा दोघांना अजून अर्धा तास लागतो आणि शेवटी कुणीतरी एक जण बाहेर ओसरीवर झोपतो.

जहाजवाल्यांनी या डाव्या-उजव्याच्या भानगडीवर फार पूर्वीच तोडगा काढला आहे. ते जहाजाच्या बाजूंना डावं-उजवं म्हणतच नाहीत. बोटीच्या नाकाकडे तोंड केल्यावर डावी येते ती पोर्ट, उजवी ती स्टारबोर्ड. मग माणूस तोंड कुठंही करून उभा असो, नाव बदलत नाही. मी हे कप्तानाला सांगितलं. त्यानं ते दोन दिवस घोकलं आणि तिसऱ्या दिवशी दोन्हींची अदलाबदल करून एका गोठ्याची वळचण पाडली.

तोडगा काढला तो बाईनं. तिनं डावं-उजवं सोडलं आणि देव धरले. गावात एका अंगाला रामाचं मंदिर, समर्थांचं जन्मस्थान. दुसऱ्या अंगाला मारुती. ‘रामाकडं घ्या… अजून रामाकडं… आता थोडं मारुतीकडं… बास!’ राम काही जागचा हलत नाही आणि मारुती त्याच्याकडे तोंड करून कायमचा उभा. तिनं पाठ केली काय, तोंड केलं काय, फरक पडत नाही. सहा महिन्यांत गल्लीतली पोरंही सायकल शिकताना ‘मारुतीकडं दाब’ म्हणायला लागली. दुसऱ्या गावची खेप असली की बाई आधी उतरते, गावात दोन देवळं कुठं आहेत ते बघून येते, मगच टँकर आत जातो. मळ्यात देऊळ नसलं तर विहिरीकडं आणि मोसंबीकडं.

आवाजाचा प्रश्न मात्र उरला, कारण ट्रॅक्टरपुढे देवाचंही नाव ऐकू येत नाही. त्यासाठी तिनं गोदावरीतून आणलेला एक गोटा ठेवला आहे. मुठीत मावेल एवढा, काळा, एका अंगानं घासून पांढरा पडलेला. टाकीच्या शिडीजवळ पत्र्याच्या खाचेत तो असतो. एक ठोका म्हणजे थांबा, दोन ठोके म्हणजे येऊ द्या. ही एसटीच्या कंडक्टरची भाषा, तिनं सरळ उचलली. पण गोट्याचं दुसरं काम मी जवळून पाहिलं तेव्हा कळलं. टाकी रिकामी होत असताना ती वरपासून खाली ठोकत येते. वर ‘ठण्ण’, ‘ठण्ण’, आणि एका जागी आवाज एकदम बसतो, ‘थड’. तिथं पाणी. तिथं ती बोटानं धुळीत रेघ ओढते आणि म्हणते, ‘गुरुजी, तुमचे अकराशे झाले, अजून नऊशे राहिलेत.’ मी एकदा मुद्दाम घरच्या टाकीची उंची मोजून हिशोब केला. दहा-वीस लिटर इकडे-तिकडे. तेवढी चूक तर माझ्या गणितातही असते.

टँकर अर्धा असला की वेगळाच खेळ. भरला असला तरी बरा, रिकामा असला तरी बरा, पण अर्ध्या टाकीत अडीच टन पाणी मोकळं हिंदकळत असतं. त्यासाठी टाकीच्या आत पत्र्याच्या आडव्या भिंती घालतात, लाटा मोडायला. यांच्या जुन्या टाकीतल्या त्या गंजून पडल्या. त्यामुळे कप्तानानं ब्रेक दाबला की आधी ट्रॅक्टर थांबतो, मग मागून लाट येऊन त्याला एक धक्का देते, मग लाट परत जाते आणि मागे खेचते. चाकाशेजारी मडगार्डवर बसलेली बाई पहिल्या आठवड्यात दोनदा ओकली. कप्तानानं मोठ्या कौतुकानं जाहीर केलं, ‘हिला बोट लागली!’ जांब समर्थमध्ये बोट लागलेली ही पहिलीच बाई असावी.

टँकर आला तो २०१२-१३च्या दुष्काळानंतर. त्या उन्हाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पंधरा-पंधरा वर्षांची झाडं. लोकांनी विकतचं पाणी टँकरनं आणून बुंध्याशी ओतलं, काहींनी अर्धी बाग वाचवायला अर्धी तोडली. ऊस कुठला तोडायला असणार? कोयत्याचं काम बसलं आणि पाण्याचं उभं राहिलं. सरकारी टँकर येतो, त्याचा माणशी दिवसाला २० लिटरचा हिशोब असतो. तेवढ्यात माणूस पितो, म्हैस पीत नाही. म्हशीचं, लग्नघरचं, बांधकामाचं आणि बागेचं पाणी हे खासगी. पैठणहून निघालेला जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, आमच्या तालुक्यातून पुढे परभणीकडे जातो. त्याला आवर्तन सुटलं की कप्तान तोंड पाडून बसतो.

आणि इथंच या जोडीचं खरं त्रांगडं आहे. त्यांची दोन एकर कोरडवाहू जमीन आहे, कपाशीची. जूनमध्ये ढग आले की बाई अंगणात येऊन हात जोडते. तो गॉगल काढून आभाळाकडे असा बघतो, जसं उधारी बुडवणारं गिऱ्हाईक समोरून येतंय. पाऊस पडला तर तिचा कापूस, नाही पडला तर त्याचा टँकर. दोघंही देवाला जातात, एकाच देवळात, एकाच वेळी, उलटं मागणं घेऊन. रामाला आमच्या गावात सोपं नाही.

गाव कुणाचं आहे हेही लक्षात ठेवायला हवं. १६०८ साली रामनवमीला, भर दुपारी, इथे नारायण सूर्याजीपंत ठोसर जन्मले आणि बाराव्या वर्षी बोहल्यावर ‘सावधान’ शब्द ऐकून निघून गेले, असं परंपरा सांगते. ते समर्थ रामदास झाले. त्यावरचा विनोद गावात चारशे वर्षं चालू आहे आणि कुठल्याही लग्नात तो कुणीतरी करतोच. कप्तानानं टँकरच्या पाठीवर मोठ्या पिवळ्या अक्षरांत ‘सावधान’ रंगवून घेतलं तेव्हा बाई तिथं नव्हती. आल्यावर तिनं ते वाचलं. ‘त्यांना तो शबुद कळला,’ ती म्हणाली, ‘तुमाला मागून दिसत पन न्हाई.’

गेल्या रामनवमीची गोष्ट. रामजन्म आणि समर्थांचा जन्म एकाच दिवशी, एकाच प्रहरी, त्यामुळे गावात माणसांचा महापूर. ऊन चैत्राचं. प्रत्येक घरी पाहुणे, माझ्याकडे अकरा. सकाळी टाकी खडखडीत. बाईला फोन केला. ती म्हणाली, ‘आणतो, पण गर्दी लई हाय, बघा.’ आणतो म्हणजे दोघं मिळून. जोडीनं काम करणाऱ्यांचं व्याकरण असं असतं.

त्या दिवशी कप्तानाच्या कानात काहीतरी चमकत होतं. परदेशातली बोटवाली जोडपी म्हणे ओरडत नाहीत. दोघांच्या कानाला बिनतारी यंत्र लावतात आणि हळू आवाजात बोलतात. त्या यंत्राला ती मंडळी ‘लग्न वाचवणारं’ असंच म्हणतात, कारण धक्क्यावरच्यांना भांडण ऐकू जात नाही. कप्तानानं जालन्याहून कानात घालायचं यंत्र आणलं होतं. बाईच्या हातात मोबाइल, त्याच्या कानात तिचा आवाज. गोटा त्यानं हट्टानं घरी ठेवायला लावला.

सुरुवात खरंच देखणी झाली. टँकर गल्लीत उलटा शिरला. बाई कुजबुजल्यासारखी बोलत होती. पारावर नाराजी पसरली. एक म्हातारा तर उठून रामाच्या दर्शनाला गेला. ‘रामाकडं… रामाकडं… बास, थांबा.’ टँकर थांबला. माझ्या ओट्यापासून हातभर अंतर. तेवढ्यात शेजारच्या मळ्यातले एक बागाईतदार बाईजवळ आले. त्यांना दुसऱ्या दिवशी खेप हवी होती. मोबाइलच्या अगदी जवळ वाकून, गर्दीत ऐकू जावं म्हणून खणखणीत आवाजात ते म्हणाले, ‘उद्या आमच्याकडं बी येऊ द्या! येऊ द्या!’

कप्तानाच्या कानात हे दोनदा पडलं. आज्ञाधारक माणूस. आला.

ओट्याचा कोपरा पडताना फार आवाज झाला नाही. पाच टन पाण्याला विटा म्हणजे काय! त्यानंतर मात्र पाराला त्यांचा आवाज परत मिळाला. तो म्हणाला, तूच येऊ द्या म्हणालीस. ती म्हणाली, माझा आवाज तुमाला वळखू येत न्हाई? तो म्हणाला, यंत्रात सगळे आवाज सारखेच येतात. बागाईतदार गर्दीत दिसेनासे झाले. दर्शनाला गेलेला म्हातारा धावत परत आला.

मी मध्ये पडलो. ‘अरे, पण माझ्या ओट्याचं काय?’

दोघं एकदम गप्प झाले. मग एकमेकांकडे बघितलं. असं बघणं मी वर्गात पुष्कळ पाहिलं आहे, दोन पोरांनी मिळून फळा फोडल्यावर.

‘गुरुजी,’ बाई शांतपणे म्हणाली, ‘राग नका मानू, पन तुमचा वटा हातभर रस्त्यात आलाय.’

‘दीड हात,’ कप्तान म्हणाला.

‘व्हय, दीड,’ ती म्हणाली.

इतकं एकमत त्या जोडीत मी आधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. नवरा-बायको कितीही भांडोत, मध्ये तिसरा शिरला की ती एक कोयता असतात. अकरा पाहुण्यांसमोर मी सरकारी जागेत अतिक्रमण करणारा ठरलो. त्यांनी टाकी भरून दिली, खेपेचे पैसे वहीत लिहिले, आणि जाताना बाईनं पडलेल्या विटा नीट एका बाजूला रचून ठेवल्या. ती मोळ्या रचायची सवय. कप्तान तोवर ट्रॅक्टरवर चढून तिची वाट बघत बसला होता. ती मडगार्डवर बसल्याशिवाय तो गिअर टाकत नाही, हे मात्र मी कधी चुकताना पाहिलेलं नाही.

कानातलं यंत्र आता त्यांच्या पोराकडे आहे, तो त्यावर गाणी ऐकतो. गोटा पुन्हा शिडीजवळच्या खाचेत आला. ओट्याचा कोपरा मी परत बांधला, पण हातभर मागे घेऊन. खरं सांगायचं तर तो रस्त्यात होताच.

तुम्हाला कधी आमच्या बाजूला पाणी लागलं, लग्नाला, बांधकामाला, मोसंबीला, तर टँकरच्या पाठीवर ‘सावधान’च्या खाली मोबाइल नंबर आहे. तो तिचा आहे. गावात त्याचा नंबरही कुणी देईल, पण त्याला लावू नका. तो ‘बघतो’ म्हणेल आणि तिलाच विचारायला जाईल.